दात्याला दाता टेकवताना

गळीत हंगाम संपला की आमच्याकडे गिअरबॉक्स परत यायला लागतात. एप्रिल-मे म्हणजे साखर कारखान्यांच्या दुरुस्तीचे महिने, आणि भोसरी एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या छोट्या गिअरबॉक्सवाल्यांच्या धावपळीचे. त्या वर्षी परत आलेल्यांत एक उसाच्या गव्हाणीवरचा होता, कॅरिअर ओढणारा. त्याचा पहिलाच हंगाम झाला होता. झाकण काढलं, तेल उपसलं, मधल्या स्टेजचं पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर, बाहेर काढून चिंधीने पुसलं, आणि शॉपमधल्या मामांनी मला खाली बोलावून घेतलं.

प्रत्येक दात्यावर खड्डे होते. टाचणीच्या डोक्याएवढे, काही एकमेकांत मिसळून गेलेले. पिच लाइनच्या, म्हणजे दात्याच्या उंचीच्या साधारण मधल्या रेषेच्या, जरा खाली, आणि सगळे एकाच टोकाला. दात्याची रुंदी ४० मिलिमीटर. त्यातले कडेचे आठ-नऊ मिलिमीटर पिटिंगने खाल्लेले, आणि उरलेला दाता इतका कोरा की ग्राइंडिंगच्या रेषाही अजून दिसत होत्या. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं.

संध्याकाळी सर म्हणाले, “ग्राहकाला रिपोर्ट द्यायचाय. दात्यांवर स्ट्रेस किती येतो ते एफईएवर काढ. आठवड्यात होईल ना?” एफईए म्हणजे भाग छोट्या तुकड्यांत, एलिमेंटमध्ये, वाटून संगणकावर त्यातला स्ट्रेस काढायचा; त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश, आणि जाळीचे बिंदू म्हणजे नोड. मी हो म्हटलं. तीन वर्षं मी हाउसिंग, ब्रॅकेट, बेसफ्रेम यांचे रन करत आले होते. गिअरच्या दात्यांचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दाते एकमेकांवर टेकण्याचा हिशोब, मात्र कधी लावला नव्हता. आठवड्याचे पाच आठवडे झाले. त्यात कुठे कुठे अडले आणि कशाने सुटले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान दोन आठवडे वाचले असते.

आधी जोडीची माहिती. सरळ दात्यांचे स्पर गिअर, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ४, प्रेशर अँगल (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) २० अंश. पिनियनला २१ दाते, मोठ्या गिअरला ६३, म्हणजे सेंटर डिस्टन्स १६८ मिलिमीटर. पिनियनवर टॉर्क ६०० न्यूटन-मीटर. मटेरियल २०एमएनसीआर५, कार्बुराइझ करून (पृष्ठभाग कार्बनने कडक करून) ग्राइंड केलेलं. हे आकडे मी पुढे पुन्हा पुन्हा वापरणार आहे, कारण माझ्या सगळ्या चुका याच आकड्यांनी मला पकडून दिल्या.

पहिला रन एका दुपारीत झाला. कॅड विभागाकडून थ्रीडी मॉडेल घेतलं, सॉफ्टवेअरने आपणहून कॉन्टॅक्ट शोधले, मेश मारली, मोठ्या गिअरचा बोअर (मधलं भोक) पकडून ठेवला, पिनियनला टॉर्क दिला. सुंदर रंगीत चित्र आलं. बुडाशी लाल, वर हिरवं, निळं. मी ते सेव्ह करून ठेवलं. रात्री घरी जाताना पीएमपीच्या बसमध्ये डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: कॉन्टॅक्टचा रन इतक्या लवकर, एकाच इटरेशनमध्ये कसा सुटला? सकाळी येऊन पाहिलं तर सॉफ्टवेअरने लावलेला कॉन्टॅक्ट ‘बॉन्डेड’ होता. म्हणजे दोन्ही दात्यांच्या बाजू एकमेकींना वेल्ड केल्यासारख्या चिकटल्या होत्या. खऱ्या दात्यांत फक्त दाब जातो. इथे जिथे दाते एकमेकांपासून सुटायला हवेत तिथे ते एकमेकांना ओढत होते, आणि बळ सगळ्या बाजूभर पसरलं होतं. ते चित्र रिपोर्टला लावलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

मग कॉन्टॅक्ट ‘फ्रिक्शनलेस’ केला. आता दाते टेकतील, ढकलतील, सुटतील. रन टाकला आणि सॉल्व्हर पहिल्याच पायरीवर थांबला: मॉडेल कुठेतरी मोकळं आहे, रिजिड बॉडी मोशन होते आहे. मी बोअरचे कन्स्ट्रेंट तीनदा तपासले. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दात्यांवर इतकं झूम केलं की स्क्रीनवर एकच फट उरली, तेव्हा उलगडा झाला. कॅडमध्ये दाते बॅकलॅशसह, म्हणजे दात्यांमधल्या मुद्दाम ठेवलेल्या सैलपणासह, काढलेले होते. पिच सर्कलवर एकूण ०.१२ मिलिमीटर बॅकलॅश, आणि पिनियनचा दाता गॅपच्या बरोबर मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.०६ मिलिमीटर मोकळं. शॉपमध्ये शाफ्ट हाताने हलवला की दाता खट्कन जाऊन टेकतो. स्टॅटिक विश्लेषणात तो ‘जाण्याचा’ काळच नसतो. टॉर्क लावला त्या क्षणी पिनियनला अडवणारं काहीच नाही, स्टिफनेस शून्य, म्हणून समीकरणं सुटत नाहीत.

यावर सॉफ्टवेअरमध्ये सोपा इलाज दिसतो: ‘ॲडजस्ट टू टच’. ते बटण फट मिटवतं, पण भूमितीत नाही, हिशोबात. दाते जिथे आहेत तिथेच राहतात आणि कॉन्टॅक्टला सांगितलं जातं की मधलं अंतर धरू नकोस. दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असेल तर चालून जातं. साठ मायक्रॉनसाठी मला ते पटलं नाही, कारण दाता कुठे टेकतो हाच तर माझा प्रश्न होता. म्हणून मी पिनियनच फिरवलं. ०.०६ भागिले ४२ (पिनियनच्या पिच सर्कलची त्रिज्या) म्हणजे ०.००१४३ रेडियन, म्हणजे ०.०८२ अंश. एवढं फिरवल्यावर फट जवळजवळ शून्यावर आली. उरलेल्यासाठी लोडिंगच्या दोन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीत टॉर्क न देता पिनियनला अगदी थोडं ठरावीक फिरवायचं, म्हणजे दाते हमखास टेकतात. दुसऱ्या पायरीत ती सक्ती काढून टॉर्क द्यायचा. आजही कुठल्याही गिअरच्या मॉडेलला मी हीच पद्धत वापरते. स्टॅबिलायझेशनचं डॅम्पिंग लावूनही काम होतं, पण मग शेवटी त्या डॅम्पिंगने किती बळ खाल्लं ते वेगळं तपासावं लागतं.

रन सुटला. कॉन्टॅक्ट प्रेशर आलं ६४० मेगापास्कल. मी खूश होऊन सरांना दाखवायला गेले. सरांनी विचारलं, “हर्ट्झने किती येतंय?” मी काढलंच नव्हतं.

तिथून खरं काम सुरू झालं. हाइनरिश हर्ट्झने १८८२ मध्ये दोन गोलाकार लवचीक वस्तू एकमेकींवर दाबल्या तर मधे काय होतं याचं गणित मांडलं. गिअरचे दाते म्हणजे त्या क्षणापुरते दोन सिलिंडरच. पिच पॉइंटला, म्हणजे दोन्ही पिच सर्कल जिथे टेकतात तिथे, पिनियनच्या दात्याची वक्रता-त्रिज्या ४२ गुणिले साइन २०, म्हणजे १४.३७ मिलिमीटर, गिअरची ४३.१. दोन्हींची मिळून परिणामी त्रिज्या १०.७७. टॉर्कवरून दात्यावरचं टँजेन्शियल बळ १४,२८६ न्यूटन, दात्याला लंब असलेलं १५,२०३. रुंदीने भागलं की दर मिलिमीटरला ३८० न्यूटन. हे सगळं हर्ट्झच्या सूत्रात घातलं की दोन उत्तरं येतात. सर्वाधिक दाब ११२७ मेगापास्कल. आणि दाते प्रत्यक्ष जिथे टेकतात त्या पट्टीची रुंदी ०.४३ मिलिमीटर.

हा दुसरा आकडा मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला. माझी मेश ०.५ मिलिमीटरची होती. म्हणजे सगळी घटना ज्या पट्टीत घडते ती माझ्या एका एलिमेंटच्या पोटात मावत होती! एका एलिमेंटमध्ये दाबाचा चढउतार दिसणार कुठून? ६४० हा आकडा दात्याबद्दल काहीच सांगत नव्हता, माझ्या मेशबद्दल सांगत होता. पट्टीच्या रुंदीत किमान आठ-दहा एलिमेंट बसवायचे तर मेश ०.०५ मिलिमीटरची हवी, दहापट बारीक.

सगळ्या दात्याला एवढी बारीक मेश लावणं वेडेपणाचं ठरलं असतं, म्हणून मी थ्रीडी बाजूला ठेवलं आणि टूडीवर आले. स्पर गिअर, दाता रुंद, म्हणून प्लेन स्ट्रेन, म्हणजे रुंदीच्या दिशेने दाता ताणला जात नाही असं धरलं. दोन्ही गिअरचे पाच-पाच दात्यांचे तुकडे घेतले. टॉर्क दर मिलिमीटर जाडीला १५ न्यूटन-मीटर. बोअरचे सगळे नोड मध्यबिंदूला बांधले आणि त्या बिंदूला फक्त फिरायची मोकळीक दिली. बारीक मेश फक्त टेकण्याच्या जागेभोवती, आणि तीही नुसती पृष्ठभागावर नाही: हर्ट्झच्या हिशोबाने सर्वाधिक शिअर पृष्ठभागाखाली ०.१७ मिलिमीटरवर येतो, म्हणून अर्धा मिलिमीटर आतपर्यंत. पिटिंगचा प्रश्न असेल तर त्या खोलीवर काय चाललंय हे दिसलंच पाहिजे.

टूडीत रन दोन मिनिटांत सुटायचा. त्यामुळे एका दिवसात मी जितक्या गोष्टी करून पाहिल्या तितक्या थ्रीडीत महिन्यात झाल्या नसत्या. नव्याने हे करू पाहणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते: आधी टूडीत उत्तर बसव.

बारीक मेश करूनही दाब हर्ट्झशी जुळेना. ९०० ते १३०० मध्ये कुठेही यायचा आणि दात्यावर दोन-तीन ठिकाणी टोकं दिसायची. कारण कॅडच्या फाइलमध्ये निघालं. मॉडेलमधला इन्व्होल्यूट, म्हणजे दात्याच्या बाजूचा ठरावीक वक्र, हा इन्व्होल्यूट नव्हताच, तीन बिंदूंतून काढलेला चाप होता. दिसायला अगदी दात्यासारखा. प्रिंट काढायला, असेंब्ली दाखवायला तो पुरतो. कॉन्टॅक्टला पुरत नाही. ०.४३ मिलिमीटरच्या पट्टीच्या कडेला, भार यायच्या आधी दोन दात्यांमधली फट किती असते याचा हिशोब केला तर ती जेमतेम २.१ मायक्रॉन भरते. म्हणजे दाबाचं सगळं वाटप दोन मायक्रॉनच्या फरकावर ठरतं. प्रोफाइल तेवढ्याने चुकलं तरी उत्तर बदलतं. गंमत म्हणजे माझ्या जुन्या अर्ध्या मिलिमीटरच्या सरळ कडांच्या एलिमेंटने १४.३७ त्रिज्येच्या वक्रावर जी सपाटी आणली होती, तीही बरोबर २.२ मायक्रॉनची. पहिल्या रनमध्ये जिथे गोलाई हवी तिथे मी बहुकोन दिला होता.

मग बेस सर्कलच्या (ज्या वर्तुळावरून इन्व्होल्यूट निघतो त्याच्या) त्रिज्येवरून, ३९.४७ मिलिमीटर, इन्व्होल्यूटच्या समीकरणाने साठ बिंदू स्प्रेडशीटमध्ये काढले. बुडाचा फिलेट, म्हणजे गोलसर कोपराही, साधा चाप न ठेवता हॉबने (दाते कापणाऱ्या हत्याराने) खरोखर जो कापला जातो तो ट्रोकॉइड वक्र घेतला. एलिमेंट सेकंड ऑर्डरचे घेतले, म्हणजे कडाही वाकतात. पुढच्या रनला टोकं गेली. दाबाचा आलेख पुस्तकात असतो तसा अर्धलंबवर्तुळाकार आला, आणि मी आमच्या चहावाल्याला थांबवून तो दाखवला. त्याला त्यात काय कळणार, पण तेव्हा समोर तोच होता आणि मला कुणालातरी दाखवायचंच होतं.

आलेखाचा आकार बरोबर, पण उंची आठशेच्या आसपास. इथे माझे चार दिवस गेले.

कॉन्टॅक्टमध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांत घुसू नयेत हे सॉफ्टवेअरला कसं तरी लादावं लागतं. पेनल्टी पद्धतीत मधे एक कडक स्प्रिंग असते असं धरतात. स्प्रिंग दाबली जायची तर थोडं तरी घुसावं लागतंच. स्प्रिंग जितकी कडक तितकं घुसणं कमी, पण तितकं कन्व्हर्जन्स (उत्तर स्थिरावणं) अवघड. ऑगमेंटेड लाग्रांजमध्ये तीच स्प्रिंग, पण दर फेरीला दुरुस्ती होत जाते. शुद्ध लाग्रांजमध्ये घुसणं शून्य, पण मग कडेचे नोड कधी टेकलेले कधी सुटलेले असे हेलकावे खात राहतात आणि रन अडकतो. मी ऑगमेंटेड घेतलं होतं. पण स्टिफनेसचा गुणक ०.०१ होता. तो मी दिलाच नव्हता. ऑफिसमधल्या एका जुन्या रबर सीलच्या टेम्प्लेटमधून तसाच आला होता. रन लोण्यासारखा सुटायचा, म्हणून मला संशयच आला नाही.

शेवटी पेनिट्रेशनचा प्लॉट काढला. जवळजवळ ३ मायक्रॉन. तीन मायक्रॉन म्हणजे केवढेसे असं कुणीही म्हणेल. मी दात्याच्या एकूण वाकण्याशी तुलना केली असती तर मीही तेच म्हटलं असतं, कारण दाता या भाराखाली पंचवीस-तीस मायक्रॉन हलतो. पण तुलना करायची ती वरच्या २.१ मायक्रॉनशी. फटीपेक्षा घुसणंच जास्त म्हटल्यावर पट्टी खोटी रुंदावणार आणि दाब खोटा उतरणार, तेच होत होतं. गुणक १ केला, पेनिट्रेशन ०.१ मायक्रॉनच्या खाली आणलं, भार वीस पायऱ्यांत विभागला. रन थोडा रखडत सुटला. दाब ११३५. हर्ट्झपेक्षा एक टक्क्याहूनही कमी फरक.

त्या दिवसापासून स्ट्रेसचं चित्र मी सगळ्यात शेवटी उघडते. आधी तीन गोष्टी. मोठ्या गिअरच्या बोअरवरची मोमेंट रिॲक्शन: पिनियनवर ६००, गुणोत्तर ३, म्हणून ती १८०० न्यूटन-मीटरच यायला हवी. मग कॉन्टॅक्टमधून जाणारं एकूण बळ: ते १५,२०३ च्या जवळ हवं. आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती: टॉर्क दुप्पट करून पाहायचा. दात्याच्या बुडाचा बेंडिंग स्ट्रेस दुप्पट होतो, पण कॉन्टॅक्टचा दाब फक्त १.४१ पट वाढतो, कारण भार वाढला की पट्टीही रुंदावते. दाबही दुप्पट झाला, तर कुठेतरी बॉन्डेड राहून गेलंय किंवा मेश जाड आहे हे समजावं.

टेकणाऱ्या दोन बाजूंपैकी एक ‘कॉन्टॅक्ट’ आणि दुसरी ‘टार्गेट’ असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. कोणती बाजू कोणती घ्यायची, यावर मी बरंच वाचलं होतं. बारीक मेशची आणि जास्त वक्र बाजू कॉन्टॅक्ट घ्यायची, म्हणून पिनियन. दोन्ही बाजूंना सारखी बारीक मेश असेल तर फरक नगण्य येतो. घर्षणही ०.०६ घालून पाहिलं. दाबावर परिणाम जाणवण्याइतका नव्हता. पिच पॉइंटला घसरण शून्यच असते, तिथे दाते नुसते लोळतात. एक गोष्ट मात्र जपावी: पाच दात्यांच्या सगळ्या बाजूंचा एकच कॉन्टॅक्ट करू नये. शोधत्रिज्या मोठी असेल तर शेजारच्या दात्याची पाठही कॉन्टॅक्टमध्ये धरली जाते. मी फक्त भार घेणाऱ्या बाजूंच्या तीन वेगळ्या जोड्या केल्या. त्यामुळे कोणत्या जोडीने किती भार उचलला ते आपोआप वेगवेगळं मिळू लागलं, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

आतापर्यंत सगळं पिच पॉइंटला चाललं होतं. पण दाते काही तिथेच थांबून राहत नाहीत. या जोडीचा कॉन्टॅक्ट रेशो १.६८, म्हणजे कधी दोन जोड्या भार वाटून घेतात, कधी एकटीवर सगळा येतो. पिनियनसाठी दाबाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा म्हणजे एकट्या जोडीच्या टप्प्याची सुरुवात. तिथे पिनियनच्या दात्याची वक्रता-त्रिज्या ११.८ वर आलेली असते, म्हणून दाब १२०७ होतो. तिथे जायला पिनियन पिच पॉइंटपासून ३.६९ अंश मागे, गिअर त्याच्या तिसरा हिस्सा. आणि ती जागा दात्यावर कुठे येते? पिच लाइनच्या जरा खाली. जिथे माझं बोट फिरलं होतं तिथेच.

बेंडिंगची वाईट जागा दुसरी, एकट्या जोडीच्या टप्प्याचा शेवट, पिनियन १.७८ अंश पुढे. तिथे आयएसओ ६३३६ च्या, म्हणजे गिअरच्या मजबुतीच्या मानकाच्या, हिशोबाने बुडाचा नाममात्र स्ट्रेस २४९ मेगापास्कल येतो. एफईएवर २६२ आला. हा आकडा मला कॉन्टॅक्टची मेश जाड असतानाही जवळपास एवढाच मिळाला होता, फिलेटची मेश चांगली होती म्हणून. टेकण्याच्या जागेपासून बूड इतकं लांब आहे की तिथल्या बारकाव्यांचं त्याला काही पडलेलं नसतं. तेव्हा फक्त दाता तुटेल का एवढंच बघायचं असेल तर ०.०५ च्या मेशचा खटाटोप करू नये. आमचा दाता तुटत नव्हता, सोलवटत होता.

याच जागी आणखी एक आकडा अंगावर आला: येणाऱ्या पुढच्या जोडीत, मोठ्या गिअरच्या दात्याच्या टोकाच्या कोपऱ्यावर २४०० च्या वर दाब. मेश बारीक केली तर आणखी चढायचा. भाराखाली दाते वाकल्यामुळे पुढचा दाता आपल्या वेळेआधी येऊन पिनियनच्या बुडाजवळ कोपऱ्याने ठोकत होता. मी मामांकडे गेले. त्यांनी ड्रॉइंग उलगडून उजव्या कोपऱ्यातली टीप दाखवली: टिप रिलीफ २५ मायक्रॉन. “टोकाला घासून देतो आम्ही, मॅडम. नाही दिलं तर आवाज करतो.” ग्राइंडिंग मशिनवर ते दिलं जात होतं, ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं, फक्त माझ्या मॉडेलमध्ये नव्हतं. साठ बिंदूंपैकी टोकाचे बिंदू तेवढे आत सरकवले आणि कोपऱ्याचा दाब निघून गेला.

पण १२०७ हा आकडा घेऊन मी पुन्हा अडकले. कार्बुराइझ केलेल्या चांगल्या स्टीलला आयएसओप्रमाणे १५०० मेगापास्कलपर्यंत कॉन्टॅक्ट स्ट्रेस सोसतो. १२०७ ला एका हंगामात पिटिंग होऊ नये. शिवाय टूडी मॉडेलला टोक म्हणून काही माहीतच नव्हतं, आणि सगळा आजार टोकालाच होता.

मग थ्रीडी. आता काय लागतं ते ठाऊक होतं. टूडीचीच मेश रुंदीच्या दिशेने ओढली. प्रोफाइलच्या दिशेने ०.०५, रुंदीच्या दिशेने एक मिलिमीटर, दोन्ही कडांजवळ बारीक. एलिमेंट लांबुळके दिसतात, सॉफ्टवेअर इशारेही देतं, पण पट्टी ज्या दिशेने लांब असते त्या दिशेने एवढं चालतं. तीन दात्यांचा तुकडा, सहा-सात लाख नोड, एका रनला रात्र. समांतर शाफ्ट ठेवून उत्तर टूडीशी जुळवून घेतलं, आणि मग पिनियनचा अक्ष कलता केला: ४० मिलिमीटर रुंदीत ३० मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी.

सकाळी येऊन पाहिलं तर एका टोकाला दाब १५०० ओलांडून गेला होता. दुसऱ्या टोकाचा दाता निम्म्याहून कमी भार घेत होता. आणि हे स्थिर टॉर्कला. गव्हाणीत उसाची मोळी आडवी अडकली की जो झटका बसतो तो यात धरलेलाच नाही.

तीस मायक्रॉनचा आकडा मी अंदाजाने घेतला होता, म्हणून हाउसिंग सीएमएमवर (बारीक मोजमापाच्या मशिनवर) पाठवलं. बेअरिंगच्या दोन बोअरची रेषा त्याच दिशेने आणि जवळपास तेवढीच कललेली निघाली. आमच्याच बोअरिंगच्या फिक्स्चरची एक लोकेटिंग पिन झिजली होती. त्या बॅचची आणखी तीन हाउसिंग शॉपमध्ये पडून होती. सरांनी ती त्याच दिवशी बाजूला काढायला लावली आणि ग्राहकाला स्वतः फोन केला. रिपोर्टमध्ये चूक आमची आहे असं लिहायचं ठरलं, ते मला फार बरं वाटलं.

नवीन पिनियनला लीड क्राउनिंग द्यायचं ठरलं, म्हणजे दाता मधे किंचित फुगीर, कडांना १२ मायक्रॉन खाली. बोअरिंग सुधारून कल ८ मायक्रॉनपर्यंत आणणं शक्य होतं. हे दोन्ही मॉडेलमध्ये घातल्यावर दाब १३०० च्या आसपास आला आणि कडेवरून मधे सरकला. क्राउनिंगमुळे मधला दाब थोडा वाढतोच, पण ती किंमत देण्यासारखी आहे.

जुळणीच्या दिवशी मामांनी पिनियनच्या चार दात्यांना ब्लू, म्हणजे ठसा उमटवणारा निळा रंग, लावला आणि मला हाक मारली. त्याआधी रात्री मी एक वेगळा रन टाकून ठेवला होता. ब्लू हाताने फिरवून बघतात, भार जवळजवळ नसतो, त्यामुळे दाबाचं चित्र तिथे कामाचं नाही. ब्लूचा थर पाच-सहा मायक्रॉनचा. जिथे दोन दात्यांतली फट त्याहून कमी तिथे तो पलीकडे उमटतो. म्हणून मी अगदी हलक्या टॉर्कला कॉन्टॅक्ट गॅपचा प्लॉट काढून ६ मायक्रॉनच्या आतला भाग रंगवला होता: २८ मिलिमीटर लांब, मध्यापासून साधारण तीन मिलिमीटर एका बाजूला सरकलेला. जुन्या पिनियनसाठी तोच प्लॉट काढला तेव्हा कडेपासून आठ मिलिमीटरची पट्टी आली होती.

मामांनी शाफ्ट हळूहळू दोन फेरे फिरवला, दुसऱ्या हाताने मोठ्या गिअरला ब्रेक देत. गिअरच्या दात्यांवर निळा ठसा उमटला, कडा दोन्ही बाजूंना कोऱ्या. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून मला दिलं. मी मोजलं: २९. ठसा बेअरिंगच्या बाजूला जरा सरकलेला होता. मी प्रिंट त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून आधी कागद पाहिला, मग दाता, मग पुन्हा कागद, आणि म्हणाले, “हा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवू का, मॅडम? पुढच्या वेळी उघडेल त्याला कळेल काय दिसायला पाहिजे ते.” तेलात कागद टिकणार नाही म्हणून आम्ही तो लॅमिनेट करून टेस्ट बेंचच्या वर लावला.